गुरुवारची चौथी गल्ली

१

अजून टँकरच्या पाण्याची सोडत निघायची होती, आणि रामगंगा वसाहतीच्या चौथ्या गल्लीत सारजाबाईंची निळी पिंपं रस्त्याच्या कडेला मांडूनही झाली होती. झाकणं काढलेली, बुडं विसळलेली, जणू टँकर कोपऱ्यावरच येऊन थांबलाय.

सहाव्या गल्लीतली सायली लेकराला कडेवर घेऊन तिथून चालली होती. पिंपं बघून ती थबकली, पण काही न बोलता समाजमंदिरात गेली. तिथं वसाहतीचे सेक्रेटरी श्रीरंगराव कॉम्प्युटरसमोर बसले होते. पाच-पंचवीस बायाबापड्यांसमोर त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ठळक अक्षरं उमटली. आज पहिली गल्ली, चौथी.

"सोडत फुटतीय!" सायलीनं आवाज चढवला. "सारजामावशीची पिंपं आधीच मांडलेली हायेत, जाऊन बघा. मागच्या गुरुवारी बी तसंच. त्याच्या मागच्या बी. तिला सपान पडतं का? अन् हे यंत्र ज्या पोरीनं बनवलं, तिची आई कुठं ऱ्हाती? चौथ्या गल्लीत!"

सगळेच एकदम बोलायला लागले.

ही बातमी दुपारी उस्मानपुऱ्यात दत्तोपंतांच्या घरी पोचली, ती खुद्द त्या पोरीच्या तोंडून. दत्तोपंत पूर्वी जिल्हा कोर्टात पेशकार होते. जन्मभर आरोपी पाहिल्यामुळं आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असा त्यांचा समज होता. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, म्हणून दत्तोपंतही बाईच म्हणत. आधी चेष्टेनं म्हणायचे, पुढं तीच सवय झाली. आपल्याला माणूस कळत नाही, असं बाई उघड सांगत, आणि दत्तोपंतांना खाजगीत याचाच राग होता, कारण दर वेळी बरोबर निघत त्या बाई.

ती पोरगी म्हणजे अश्लेषा, बाईंची विद्यार्थिनी. झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत दोन टेबलं टाकून तिनं सॉफ्टवेअरचा धंदा मांडला होता. आज ती आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

"बाई, सोमवारी संध्याकाळी सभा आहे. चोर ठरले तर माझं काम जाईल ते जाईल. पण आई म्हणते, मी या गल्लीत तोंड कसं दाखवू? घर विकू म्हणते. बाबांनी बांधलेलं घर."

बाईंनी गॅस बारीक केला. "तू केलंयस का?"

"नाही!"

"मग मी शोधते. पण एक सांगून ठेवते. शोधता शोधता चूक तुझीच निघाली, तर मी ती झाकणार नाही."

अश्लेषानं मान हलवली. दत्तोपंतांनी मात्र मनात म्हटलं, या बाईला रडणाऱ्या पोरीला आधी पाणी द्यावं हेही सुचत नाही, आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणलं.

२

सोळा सालचा उन्हाळा होता तो. शहराचं नाव पाट्यांवर अजून औरंगाबादच होतं. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि शहर मात्र दौलताबादच्या दिशेनं पसरतच चाललं होतं. वसाहती आधी वसत, नळ मागून कधीतरी येत. रामगंगा वसाहतीत ते अजून आले नव्हते. सहा गल्ल्या, एक समाजमंदिर, आणि मंगळवार ते रविवार येणारा एक टँकर. सोमवारी तो दुसऱ्या वसाहतीला जाई. टँकर आधी जाई त्या गल्लीला काठोकाठ पिंपं मिळत, आणि शेवटच्या गल्लीला गाळ आणि टँकरवाल्याची दिलगिरी.

नंबर कुणाचा, यावरून रोज भांडणं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर श्रीरंगराव स्वतःच्या गल्लीची चिठ्ठी वेगळी दुमडतात असा बोभाटा झाला. मग फेब्रुवारीत अश्लेषानं सोडतीचं ॲप्लिकेशन बनवून दिलं. यंत्राला ना जात, ना गोत, ना गल्ली.

"सगळं मी लिहिलं," शनिवारी वसाहतीकडे निघताना तिनं समजावलं, "पण क्रम पिसायचं काम माझं नाही. संख्याशास्त्राचं एक नावाजलेलं तयार सॉफ्टवेअर आहे. त्याची प्रक्रिया मी माझ्या प्रोग्रॅमच्या आत बसवली. बटण माझं, पडदा माझा, आतलं काम त्याचं."

"म्हणजे कैऱ्या तुझ्या आणि मसाला पाकिटातला," दत्तोपंत म्हणाले.

"अगदी तसंच, काका."

"पाकिटावरच्या सूचना वाचल्या होत्यास?" बाईंनी विचारलं.

"वाचल्या की. म्हणजे, कामापुरत्या."

दत्तोपंतांनी आपल्या जुन्या बजाज स्कूटरला किक मारली.

श्रीरंगराव समाजमंदिराच्या पायरीवरच भेटले. चिठ्ठ्यांचं प्रकरण त्यांच्या मनात अजून ठुसठुसत होतं. आपल्या बदनामीनंतर यंत्राचीही बदनामी झाली, याचं त्यांना दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

"मी कुणावर आरोप करत नाही," ते म्हणाले आणि लगेच केला. "पण ती पोरगी दर बुधवारी संध्याकाळी गाडी घेऊन येते. आईकडं जाते, काहीतरी वर नेते. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. आता तुम्हीच काय ते समजा."

दत्तोपंतांना ते पटकन समजलं. ही गोष्ट अश्लेषानं सांगितली नव्हती.

सायलीनं त्यांना दारातच उभं केलं. आत घेतलं नाही, पण लेकराच्या वाटीतलं पाणी अर्धं करून दत्तोपंतांपुढं धरलं. ते घेववेना आणि नाही म्हणवेना.

"मला काय चौथ्या गल्लीशी वैर हाये का, बाई?" ती म्हणाली. "पण होळी झाल्यापासून आमची सहावी गल्ली कधी पैली आलीच नाय. शेवटची मात्र लई वेळा. लेकराचे लंगोट धुवायला पानी नाय. पैल्यांदा आमी नशिबाला बोल लावला. आता लावायचा कुणाला?"

"एकदाही पहिली आली नाही?"

सायलीनं आठवलं. "आली की एकदा. वॉचमन कडूबाबाच्या भाचीचं लगीन हुतं खुल्ताबादला, त्या हप्त्यात. गेटाला मानूस नव्हता, समदा गोंधळ. पर त्या गुरुवारी आमी पैलं आलो. टँकरवाल्याला गुळाचा खडा दिला मी."

बाईंनी डोळे बारीक केले. "त्या गुरुवारी सारजाबाईंनी पिंपं मांडली होती?"

"व्हय. मांडली बी हुती अन् तोंडावर पडली बी हुती!"

बाहेर आल्यावर दत्तोपंत म्हणाले, "कळलं. पोरगी फितूर असेलही, पण त्या आठवड्यात तिला आतून बदल करता आला नसणार."

"किंवा," बाई म्हणाल्या, "ज्याला सोडत फुटली असं आपण म्हणतो, त्याला ती कधी फुटलीच नव्हती."

दत्तोपंतांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी ते कबूल मात्र केलं नाही.

३

सारजाबाई दोन खोल्यांत एकट्या राहत. मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर. कोनाड्यात दत्ताची तसबीर होती, तिला पिवळ्या शेवंतीचा हार. हार दोन दिवसांचा, सुकत आलेला. खिळ्याला जपमाळ लटकत होती. सारजाबाईंनी चहा टाकला, त्यात साखर सढळ घातली, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी काय बी सांगनार नाय."

"आम्ही अजून विचारलंही नाही, सारजाबाई."

"इचारनार तेच. पिंपं आधी कशी मांडली. ते सांगता येत नाय. सांगितलं तर संपलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला नंबर? अश्लेषानं?"

"त्या गुणी लेकरानं? तिनं मला कधी चकार शबूद सांगितला नाय!"

"मग एकदा चुकलं कसं? कडूबाच्या भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात?"

सारजाबाईंचा हात कपाला लागून थांबला. चेहऱ्यावर अशी काही शरम आली की दत्तोपंतांना कोर्टातले कित्येक पिंजरे आठवले.

"ती माझीच चूक," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हातनं पाप झालं. आता जा तुमी."

दत्तोपंत बाहेर येऊन स्कूटरजवळ उभे राहिले. उन्हानं सीट तापली होती. "बाई, हा कबुलीजबाब झाला. मी खंडीभर ऐकलेत."

"हो. पण कशाचा?" बाई म्हणाल्या.

४

सोमवारी दुपारी ते पुन्हा गेले. सभा संध्याकाळी होती आणि दत्तोपंतांच्या मते आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

समाजमंदिरात राखणदार कडूबा खाटेवर बसून चिंचोके फोडत होता. दौलताबादच्या किल्ल्याखालचा माणूस. पोरांनी ट्रॅक्टर घेतला, म्हातारी बैलजोडी एकामागून एक गेली, गोठा रिकामा झाला. मग त्याला घरी करमेना, म्हणून होळीला इथं कामाला लागला होता. आल्यापासून त्यानं समाजमंदिर लख्ख ठेवलं होतं. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं लाल कापड घातलं होतं, पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती आणि वर बेलाचं पान.

"छान सजवलंयत," दत्तोपंत म्हणाले.

"राबतंय बिचारं," कडूबा म्हणाला. "साऱ्या वसाहतीचं पानी वढतंय. एवढं तर कराया पायजे."

"आज बंद आहे?"

"आज सोमवार हाये, सायेब."

त्यानं हे असं सांगितलं की पुढं विचारणं म्हणजे अडाणीपणा. दत्तोपंतांनी विचारलं नाही. बाईंनी मात्र खाली वाकून भिंतीकडे पाहिलं. वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती, जसे कुणी बैलाचे कासरे गुंडाळून खुंटीला अडकवतं.

"दर सोमवारी असतं का असं?" त्यांनी विचारलं.

"दर सोमवारी. आयतवारी दिवस मावळला की सोडायचं, मंगळवारी सकाळी जुपायचं. माझ्या आधीचा वॉचमन त्याला हात बी लावत नव्हता. रात्रंदिस चालू! मुक्या जिवाचं पाप लागतं, बाई."

"आणि तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला होता, तेव्हा?"

कडूबाचा चेहरा पडला. "त्या सोमवारी नाय सुटलं ते. कुनाला सांगावं म्हनलं, तर लोक हसतात. मी खुल्ताबादला मांडवात बसलो हुतो, पर ध्यान इकडंच."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे त्या कधी करत नसत. दत्तोपंत बघतच राहिले.

तिथून त्या चौथ्या गल्लीत अश्लेषाच्या आईकडे गेल्या. मनस्विनीबाई पहिल्या मजल्यावर राहत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं. मोरीपाशी पाण्याचे दोन मोठे कॅन होते. तळाशी एका दुकानाची चिठ्ठी, पत्ता उस्मानपुऱ्याचा.

"हे अश्लेषा आणते?"

मनस्विनीबाई ओशाळल्या. "बुधवारी. कुणाला सांगू नका हो. मी लोकांच्या रांगेत पुढं घुसणार नाही म्हटलं, तर स्वतः कॅन उचलून जिना चढते. आमच्याकडं बाहेरचं पाणी येतं हे कळलं तर शेजाऱ्यांना वाटेल, आम्ही चैन करतो."

जिना उतरताना बाई दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा त्या हसल्या.

"काय झालं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"अहो, ज्याला उद्या आपलीच गल्ली पहिली येणार हे ठाऊक आहे, तो आदल्या संध्याकाळी वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन जिना चढेल का? पोरीला काही माहीत नव्हतं. चोरी झालेलीच नाही."

"मग सारजाबाईंना कसं कळलं?"

"तेच संध्याकाळी सांगायचंय. आणि ते सांगताना पोरीची एक चूकही सांगावी लागेल." बाईंचं हसू गेलं. "ती चूक साधी नाही."

५

सभेला सगळी वसाहत लोटली होती. पाण्याचा दिवस नसल्यामुळं बाया मोकळ्या होत्या. अश्लेषा मागच्या भिंतीला टेकून उभी होती, शेजारी खुर्चीत तिची आई. सायली पुढं, लेकराला मांडीवर घेऊन.

श्रीरंगरावांनी प्रास्ताविक लांबवलं. बाईंनी ते मध्येच तोडलं.

"मला हा कॉम्प्युटर चालू करून हवाय."

"आज नाय जमायचं!" कडूबा उठून उभा राहिला. "आज सोमवार. आज जुपायचं नाय."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कडूबासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कडूबा, तुमचं बरोबर आहे. सोमवार मोडू नये. पण एका लेकीची अब्रू आहे. एकदाच, तिच्यासाठी."

कडूबानं मागं अश्लेषाकडे पाहिलं. मग लाल कापड काढलं, घडी केली, पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि वायर भिंतीत खोचली.

"आता बटण दाबण्याआधी," बाई म्हणाल्या, "मला तुमच्याकडून ऐकायचंय. मंगळवारी बहुतेक पहिली कोण असतं?"

दुसऱ्या गल्लीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "आमीच असतो की वो," एक जण चाचरत म्हणाली. "बऱ्याच येळा."

"बुधवारी?"

"पाचवी," मागून कुणीतरी म्हणालं.

"गुरुवारी?"

याचं उत्तर द्यायची गरज नव्हती. साऱ्या माना सारजाबाईंकडे वळल्या.

"श्रीरंगराव, दाबा."

पडद्यावर आलं, दुसरी. पुन्हा दाबलं, पाचवी. तिसऱ्यांदा दाबलं आणि सभेतून एकच हुंकार निघाला. चौथी.

"हे यंत्र दर आठवड्याला तेच गाणं म्हणतंय," बाई म्हणाल्या. "पहिली गल्ली कोण एवढं ऐकून तुम्ही घराकडं पळायचात. आपापला वार सोडून बाकीच्यांचा कुणी लक्षात ठेवला नाही. सारजाबाई, तुमची जपमाळ द्याल?"

सारजाबाईंनी कमरेची पिशवी उघडून माळ दिली. बाईंनी ती वर धरली.

"कॉम्प्युटरला खरी चिठ्ठी काढता येत नाही. त्याच्याकडं आकड्यांची एक लांबच लांब माळ असते. मणी ओढत जाईल तसा क्रम असा फिरतो की माणसाला त्यात काही ओळखता येत नाही. पण सुरुवात कुठून करायची ते आपण सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर ते चालू झालं की मेरुमण्यापासूनच धरतं. आधीचा वॉचमन ते कधी बंदच करत नव्हता, म्हणून माळ पुढं पुढं सरकत राहिली आणि कुणाला काही जाणवलं नाही. कडूबा आले, आणि त्यांनी बैलाला महादेवाच्या वारी देतात तशी त्याला सोमवारची सुट्टी दिली. तेव्हापासून दर मंगळवारी माळ पहिल्या मण्यावर. कडूबा लग्नाला गेले त्या सोमवारी सुट्टी चुकली, माळ पुढं गेली, आणि त्याच एका आठवड्यात सहावी गल्ली पहिली आली. कुणी सोडत फोडली असती, तर त्या गुरुवारी सारजाबाई चुकल्या नसत्या."

कडूबा मटकन खाली बसला. "म्हंजे माज्यामुळं..."

"नाही." हा आवाज मागून आला. अश्लेषा पुढं आली होती, पांढरीफटक. "चूक माझी आहे, कडूबाबा. सुरुवातीचा आकडा द्यायचा असतो, तो मी दिला नाही. आतली प्रक्रिया तयार होती, नावाजलेली होती, मी तिच्यावर भार टाकला. तपासताना शेकडो वेळा बटण दाबलं, दर वेळी वेगळं आलं. पण बंद करून पुन्हा चालू करून मी पाहिलं नाही. कॉम्प्युटर कधीतरी बंद होणारच, एवढं साधं मला सुचलं नाही. सायलीताई, तुमच्या लेकराचं पाणी माझ्यामुळं गेलं."

सायलीनं मान खाली घातली नाही, की फिरवलीही नाही.

"अन् सारजाबाई?" श्रीरंगराव अजून सोडायला तयार नव्हते. "त्यांना कसं कळलं?"

"त्यांना कळलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "त्यांचा उपास होता. हो ना, सारजाबाई?"

सारजाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नवस बोलून दाखवू नये, फळ जातं. पण आता फुटलाच होता.

"गुरुवार धरले हुते दत्ताचे," त्या म्हणाल्या. "पैला गुरुवार केला, अन् आमचा नंबर पैला. दुसरा केला, परत पैला. मला वाटलं, पावला. मंग मी इस्वासानं पिंपं मांडाया लागले. त्या लग्नाच्या हप्त्यात भज्यातला कांदा तोंडात गेला चुकून. नंबर हुकला. माझंच पाप."

"पण पाण्यासाठी एवढा उपास?" कुणीतरी विचारलं.

"माझ्यासाठी नाय काय!" सारजाबाई रागावल्या. "ह्या मनस्विनीबाईंना गुडघ्यानं उभं ऱ्हावत नाय. नंबर मागं गेला की ऊन चढतं. पैला आला तर सकाळच्या गारव्यात मी त्यांचा हंडा वर पोचवते. म्हनून."

अश्लेषानं आईकडे पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला होता. दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला, आणि चष्म्याला काही झालं नव्हतं.

६

चोरीचा डाग पुसला गेला, पण विश्वास काही सभेत मिळत नसतो. सायली उठली.

"चोर नाय म्हनता, मानलं. पर पुढं काय?"

अश्लेषानं सांगितलं की आता रोज सोडतीआधी सुरुवातीचा आकडा वसाहतीनंच टाकायचा. दर दिवशी वेगळ्या गल्लीतल्या बाईनं, मनातला, कुणाला न सांगता.

"ठीक. येत्या गुरुवारी आकडा मी टाकनार," सायली म्हणाली. "अन् त्या दिवशी परत चौथीच पैली आली, तर हे यंत्र बाहेर. अन् ही पोरगी बी."

वसाहतीनं माना डोलावल्या. अश्लेषानंही डोलावली.

परत येताना दत्तोपंतांनी मान वळवून विचारलं, "आता तर यायची नाही ना चौथी?"

"येऊ शकते. सहातून एकदा."

"सोडत खरी असली तरी?"

"खरी असली म्हणूनच. खोटी असती, तर येऊ नये अशी सोय करता आली असती. खरी सोडत कुणाची भीड धरत नाही. समोर बघा, खड्डा आहे."

गुरुवारी सकाळी दत्तोपंतांनी पोहे केले. बाईंनी ताटली बाजूला सारली.

"भूक नाही."

"उपास?"

"भूक नाही म्हटलं ना." बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. चाळीस वर्षं वर्गात नवससायासांची टिंगल केलेली बाई. दत्तोपंतांनी पुढं विचारलं नाही. पोहे झाकून ठेवले, आणि स्वतःही खाल्ले नाहीत.

समाजमंदिरात सगळे जमले होते. चौथ्या गल्लीत आज पिंपं नव्हती. सारजाबाई दाराशी मुकाट उभ्या होत्या, कपाळाला अष्टगंध मात्र होतं. अश्लेषा टेबलापासून लांब, हात मागं बांधून उभी होती. सायलीनं लेकराला श्रीरंगरावांच्या हातात दिलं, पडद्याला पाठीनं आडोसा केला, आकडा टाकला आणि बटण दाबलं.

आज पहिली गल्ली, चौथी.

दत्तोपंतांचा हात नकळत बाईंच्या हातावर गेला. अश्लेषानं डोळे मिटले.

"म्हटलं नव्हतं मी?" श्रीरंगराव म्हणाले. "काढा हे बाहेर!"

"गप ऱ्हावा!" सायली ओरडली. ती पडद्याकडे टक लावून पाहत होती. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "आकडा मी टाकला. माझ्या लेकराला बी सांगितला नव्हता. सहाव्या गल्लीची मी, रडलेली मी, अन् माझ्याच हातानं चौथी आली. आता चोर कुनाला म्हनू? मला?"

ती अश्लेषापाशी गेली. तिनं अश्लेषाच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

"सोडत खरी हाये, पोरी. ऱ्हाऊ दे तुझं यंत्र." आणि दाराकडे वळून, "मावशे, बघत काय बसलीस? पिंपं कुठायत? टँकर येईल ना!"

सारजाबाई पळाल्या. त्या वयात त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं. कडूबानं यंत्रावरून हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा. सहावी गल्ली त्या दिवशी तिसरी आली. टँकर तिथं पोचला तेव्हा त्यात स्वच्छ पाणी होतं.

घरी आल्यावर दत्तोपंतांनी पोहे गरम केले, वर खोबरं भुरभुरवलं आणि बाईंच्या पुढं ठेवले. बाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग दत्तोपंतांना राहवलं नाही.

"बाई, चौथी येऊ नये म्हणून तुम्ही उपाशी राहिलात. ती यावी म्हणून सारजाबाई उपाशी राहिल्या. आणि दत्तानं ऐकलं त्यांचं."

"सहातून एक," बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी थोडे पोहे वाढून घेतले. "आणि तसंही, त्यांना सराव जास्त आहे."